लस घेऊनही आईला फ्लू झाला, मग लसीचा उपयोग काय?

वाचकाचं पत्र

डॉक्टर, नमस्कार.

माझी आई ७२ वर्षांची आहे. तिला जुना दमा आहे. गेल्या हंगामात मीच मागे लागून तिला फ्लूची लस द्यायला नेलं. तरीही तीन महिन्यांनी तिला फ्लू झालाच. तपासणीत इन्फ्लुएन्झा ए निघाला. चार दिवस रुग्णालयात ठेवावं लागलं, त्यातले दोन दिवस ऑक्सिजनवर. आयसीयूची वेळ आली नाही, आता ती बरी आहे. पण लसीचं नाव काढलं की म्हणते, "एकदा टोचून घेतलं तेवढं पुरे झालं."

माझा धाकटा भाऊ तिच्याजवळ राहतो. वय ४४, धडधाकट. तो म्हणतो, ही लस चाळीस टक्केच चालते, म्हणजे जेमतेम काठावर पास, आणि तोही आकडा कंपन्यांनी फुगवलेला असणार. त्याने आजवर लस घेतली नाही आणि आईलाही आता देऊ नको म्हणतो. मला स्वतःला मधुमेह आहे, वय ४९. लस घेतली त्या रात्री मला कणकण आली होती, त्यामुळे लसीनेच फ्लू होतो की काय अशी शंका मलाही आहे.

मला खरं काय ते हवं आहे. गंभीर आजारापासून ही लस मोठ्या माणसांना नक्की किती वाचवते? दर वर्षी का घ्यायची? वयस्कर लोकांसाठी जास्त ताकदीची लस असते म्हणतात, ती घ्यावी का? आईला रुग्णवाहिकेत बसवताना मनात हेच होतं की लस देऊनही मी तिला वाचवू शकले नाही.

– एक मुलगी

उत्तर

ताई, आधी मनातला हा सल काढून टाका. ७२ वर्षांच्या, दमा असलेल्या आईला लस देणं ही योग्यच गोष्ट होती आणि पुढच्या हंगामातही ती योग्यच असेल. लस दिली नसती तर काय झालं असतं, हे तुमच्या आईंच्या बाबतीत कोणीच सांगू शकत नाही. मीही नाही, त्यांचे डॉक्टरही नाहीत. पण त्यांच्यासारख्या हजारो माणसांचं काय होतं, हे बऱ्यापैकी माहीत आहे आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

भावाने सांगितलेल्या ४० टक्क्यांपासून सुरुवात करू, कारण घरातला सगळा वाद त्याच आकड्यावरून पेटलेला दिसतो. आकडा साधारण बरोबर आहे. अर्थ मात्र चुकीचा लावला आहे. हे परीक्षेतले मार्क नव्हेत. शंभर जणांना लस दिली, चाळीस जणांवर चालली आणि साठ जणांची वाया गेली, असाही त्याचा अर्थ नाही. तो धोका किती कमी झाला त्याचा आकडा आहे. हिशेब समजण्यापुरते आकडे मी मनानेच धरते: लस न घेतलेल्या १,००० वृद्धांपैकी एका हंगामात १० जण फ्लूमुळे रुग्णालयात दाखल झाले असं समजा. लस ४० टक्के परिणामकारक असेल, तर लस घेतलेल्या तशाच १,००० वृद्धांपैकी ६ जण दाखल होतील. बाकीचे चौघे घरीच राहिले. ते चौघे कोण, हे कोणालाही कधी कळणार नाही. त्यांना स्वतःलाही नाही. जे सहा जण दाखल झाले, त्यांच्या मुली मात्र हेच विचारतील की लस देऊन काय मिळालं. लसीचा फायदा झालेला माणूस दाखवता येत नाही आणि न झालेला डोळ्यांसमोर खाटेवर असतो, म्हणून घराघरांत ही लस बदनाम होते.

आता खरे आकडे. फ्लूने रुग्णालयात दाखल होण्यापासून मोठ्या माणसांना लस किती वाचवते, यावरचे ३० अभ्यास एकत्र करून २०१७ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात २०१०-११ ते २०१४-१५ या हंगामांची माहिती होती. सगळे मिळून धोका ४१ टक्क्यांनी कमी झाला होता. १८ ते ६४ वयात ५१ टक्क्यांनी, ६५ आणि त्यापुढे ३७ टक्क्यांनी. विषाणूच्या प्रकारानुसारही फरक पडतो (एच१एन१ आणि एच३एन२ हे दोन्ही ए प्रकारातले). एच१एन१ विरुद्ध ४८ टक्के, बी प्रकाराविरुद्ध ३८, एच३एन२ विरुद्ध ३७. या शेवटच्या एच३एन२वर जरा थांबायला हवं, कारण वृद्धांना सगळ्यात जास्त छळतो तो हाच. ज्या वर्षी लसीतला एच३एन२ आणि फिरणारा एच३एन२ एकमेकांशी जुळले, त्या वर्षी ६५ वर्षांवरच्यांना ४३ टक्के संरक्षण मिळालं. ज्या वर्षी विषाणू रूप बदलून लसीपासून दूर गेला, त्या वर्षी ते १४ टक्क्यांवर आलं, म्हणजे जवळपास काहीच नाही. असं वर्ष येतं. अमेरिकेत २०१४-१५च्या हंगामात सगळ्या वयांचं मिळून संरक्षण २० टक्क्यांच्याही खाली होतं. लसीची बाजू घेताना हे वर्ष लपवायचं नसतं. लपवलं की लोकांचा उरलेल्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

हे आकडे कंपन्या काढतात का? यातले बहुतेक नाही. ते सार्वजनिक आरोग्य संस्था आणि विद्यापीठांचे संशोधक काढतात. पद्धत साधी आहे, भावाला नक्की समजेल. खोकला, ताप, धाप लागून दाखल झालेल्या सगळ्यांच्या नाका-घशाचा नमुना घेतात. काहींना फ्लू निघतो, काहींना दुसराच एखादा विषाणू. मग दोन्ही गटांत लस घेतलेले किती, ते मोजतात. लस निरुपयोगी असेल तर दोन्हीकडे प्रमाण सारखंच यायला हवं. ते सारखं येत नाही. फ्लू निघालेल्यांमध्ये लस घेतलेले कमी असतात, आणि ते किती कमी आहेत त्यावरून लसीची ताकद काढतात. दोन्ही गटांतली माणसं आजारी पडून रुग्णालयात आलेलीच असतात, त्यामुळे 'लस घेणारे मुळातच तब्येतीला जपणारे असतात' या अडचणीवर या पद्धतीत बरीच मात होते.

ती अडचण खोटी नाही, आणि भावाचा संशय इथे अगदीच बिनबुडाचा नाही. पूर्वी असे अभ्यास होत की लस घेतलेल्या वृद्धांमध्ये एकूण मृत्यूच निम्म्याने कमी होतात. ऐकायला फार छान. पण २००६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की लस घेतलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण फ्लूचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच कमी होतं. साथच नाही तेव्हा लस कोणाला वाचवणार? म्हणजे झालं असं होतं की जे वृद्ध फार खंगलेले, अंथरुणाला खिळलेले होते, ते लस घ्यायला पोचतच नव्हते, आणि त्यांचे मृत्यू 'लस न घेतलेल्यां'च्या खात्यात जमा होत होते. तेव्हापासून संशोधक जास्त सावधपणे मोजू लागले. वर दिलेले ४१ टक्के हे त्या सावधपणानंतरचे आहेत, म्हणून मला ते भरवशाचे वाटतात. ते चमत्काराचे आकडे नाहीत. पण जगभरात दर वर्षी ३० ते ५० लाख लोक फ्लूने गंभीर आजारी पडतात आणि श्वसनाच्या त्रासाने २ लाख ९० हजार ते ६ लाख ५० हजार लोक दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. एवढ्या मोठ्या संख्येतून चाळीस टक्के कमी होणं म्हणजे काय, याचा विचार करा.

आता तुमच्या आईंशी जास्त जवळचा मुद्दा. लस घेऊनही जे दाखल झाले, त्यांचं पुढे काय होतं? लसीचं काम रुग्णालयाच्या दारापाशी संपत नाही. २०२१ साली अशाच अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. फ्लूने दाखल झालेल्या मोठ्या माणसांपैकी ज्यांनी लस घेतली होती, त्यांना आयसीयूत न्यावं लागण्याचा धोका २६ टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका ३१ टक्क्यांनी कमी आढळला. त्याआधी न्यूझीलंडमध्ये २०१२ ते २०१५ या काळात झालेल्या अभ्यासात फ्लूमुळे आयसीयूत जाण्याचा एकूण धोका लसीने ८२ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं होतं. जे लस घेऊनही आयसीयूत गेले, त्यांचा रुग्णालयातला मुक्काम लस न घेतलेल्यांपेक्षा सरासरी चार दिवसांनी कमी होता. ८२ हा आकडा एका देशातल्या, तुलनेने थोड्या रुग्णांवरून आलेला आहे, तो सगळीकडे तेवढाच निघेल असं मी म्हणणार नाही. दिशा मात्र बऱ्याच अभ्यासांत तीच आहे. आजार जितका गंभीर, तितकी लस उपयोगाला येते.

असं का होतं, ते शरीरात डोकावलं की कळतं. फ्लूचा विषाणू आधी नाकात आणि घशात उतरतो. त्याच्या अंगावर बारीक काटे असतात, त्या काट्यांनी तो आपल्या पेशींना चिकटतो आणि आत शिरतो. दंडात घेतलेल्या लसीने या काट्यांना ओळखणाऱ्या अँटीबॉडी तयार होतात, पण त्या मुख्यतः रक्तात असतात. नाकाच्या ओल्या अस्तरावर त्या फार पोचत नाहीत. म्हणून विषाणूला नाकातच रोखणं या लसीला पुष्कळदा जमत नाही, आणि सर्दी, घसा, ताप येतोच. फुप्फुसाचं तसं नाही. फुप्फुसातल्या हवेच्या फुग्यांभोवती रक्ताच्या केसासारख्या बारीक नळ्यांचं जाळं असतं, आणि रक्तातल्या अँटीबॉडी तिथे सहज पाझरतात. विषाणू खाली उतरून या फुग्यांच्या भिंती सोलू लागला की फुग्यांत पाणी भरतं, ऑक्सिजन रक्तात जात नाही, बोटाला लावलेल्या यंत्रावर आकडा ९० च्या खाली घसरतो. सोललेल्या भिंतींवर मग न्यूमोनियाचे जीवाणू बस्तान बसवतात, आणि फ्लूचे कितीतरी बळी प्रत्यक्षात या दुसऱ्या हल्ल्याचे असतात. लस जी लढाई जिंकते ती बहुतेक वेळा इथली असते. तुमच्या आईंना ऑक्सिजन लागला, पण तो नळीवर भागला, आयसीयू लागलं नाही, चार दिवसांत त्या घरी आल्या. हे लसीमुळेच झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण दमा असलेल्या ७२ वर्षांच्या बाईंच्या बाबतीत हे 'अपयश' म्हणून मोजायला मी तयार नाही.

वय वाढलं की लसीला शरीराचा प्रतिसाद मंदावतो, हे खरंच आहे. वरचे ५१ आणि ३७ तेच सांगतात. यावरून काही जण उलटा निष्कर्ष काढतात की म्हाताऱ्यांवर चालत नाही तर द्यायची कशाला. पण वृद्धांमध्ये मूळ धोकाच तरुणांच्या कितीतरी पट जास्त असतो. छोट्या धोक्याचे ५१ टक्के वाचण्यापेक्षा मोठ्या धोक्याचे ३७ टक्के वाचणं हे जास्त माणसं वाचवणं आहे. दम्याने फुप्फुस आधीच नाजूक असेल, तर आणखीच.

तुमचा शेवटचा प्रश्न इथेच घेते. ६५ वर्षांवरच्यांसाठी जास्त मात्रेची लस काही देशांत मिळते. तिच्यात विषाणूचं प्रथिन नेहमीच्या चौपट असतं. २०१४ साली सुमारे ३२,००० वृद्धांवरच्या चाचणीत साध्या लसीच्या तुलनेत तपासणीत सिद्ध झालेला फ्लू तिने आणखी २४ टक्क्यांनी कमी केला. पुढे २०२५ साली डेन्मार्कमधल्या ३ लाखांहून अधिक वृद्धांवरच्या मोठ्या चाचणीत फ्लू किंवा न्यूमोनियाने दाखल होण्याच्या प्रमाणात दोन्ही लसींमध्ये ठाम म्हणावा असा फरक दिसला नाही, मात्र खास फ्लूमुळे दाखल होणारे कमी दिसले. माझं मत असं: सहज मिळत असेल तर आईंसाठी ती घ्या. मिळत नसेल तर तिची वाट पाहत साधी लस लांबवू नका. दंडात गेलेली साधी लस ही न मिळालेल्या भारी लसीपेक्षा नक्कीच बरी.

आता तुमच्याबद्दल, कारण पत्रात तुम्ही स्वतःला एका वाक्यात गुंडाळलं आहे. तुमचा मधुमेह ही बारीकसारीक गोष्ट नाही. मधुमेह असलेल्यांना फ्लू झाला तर दाखल व्हावं लागण्याची शक्यता वाढते, आणि तापात शुगर बेताल होते ती वेगळीच. शिवाय हृदयाचा भाग आहे, ज्याची आठवण फ्लूच्या गप्पांमध्ये कोणाला येत नाही. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतातल्या संशोधकांनी २०१८ साली दाखवलं की फ्लूचं निदान झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका एरवीच्या सहापट होतो. जंतुसंसर्गाने अंगात जी जळजळ उठते, तिने रक्तवाहिन्यांत साठलेले चरबीचे थर फुटतात, रक्त गोठायला लागतं. दुसऱ्या एका चाचणीत, २०२१ साली तिचे निष्कर्ष आले, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या किंवा हृदयाची स्थिती जोखमीची असलेल्या अडीच हजारांवर रुग्णांपैकी निम्म्यांना लगेच फ्लूची लस दिली आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचलं. कोणाला काय दिलं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं होतं, म्हणजे 'जपणारी माणसं' हा आक्षेप इथे उरतच नाही. वर्षभरात लस न मिळालेल्यांपैकी ४.९ टक्के रुग्ण दगावले, लस मिळालेल्यांपैकी २.९ टक्के. मला विचाराल तर फ्लूच्या लसीबद्दलचा इतका नीट मिळालेला पुरावा दुसरा नाही, आणि मधुमेहींनी तो मनावर घ्यायला हवा, कारण त्यांच्या रक्तवाहिन्या आधीच दुखावलेल्या असतात.

त्या रात्रीची कणकण फ्लू नव्हती. इंजेक्शनच्या लसीत जिवंत विषाणू नसतो. मारलेल्या विषाणूचे तुकडे किंवा नुसतं प्रथिन असतं. त्यातून फ्लू होणं शक्यच नाही. शरीर त्या प्रथिनाची दखल घेतं तेव्हा दंड दुखतो, एखाददुसरा दिवस अंग मोडून येतं, थोडा ताप येऊ शकतो. लस आणि मिठाचं पाणी यांची तुलना केलेल्या चाचण्यांत ठळक फरक निघाला तो दंड दुखण्याचा आणि लाल होण्याचा. अंगदुखी आणि ताप दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते. गंभीर दुष्परिणाम फार विरळा. नसांना लुळेपणा आणणारा गियाँ-बारे सिंड्रोम दहा लाख डोसमागे फार तर एक-दोन जणांना होऊ शकतो, आणि तोच आजार प्रत्यक्ष फ्लू झाल्यानंतरही होतो. पूर्वी लस घेतल्यावर कोणाला जोराची ॲलर्जी आली असेल किंवा लसीनंतर सहा आठवड्यांत हा सिंड्रोम झाला असेल, तर त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुन्हा घेऊ नये. लसीसाठीचा विषाणू बहुधा कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, पण म्हणून अंड्याच्या ॲलर्जीची जुनी भीती आता बाळगण्याचं कारण नाही.

दर वर्षी का, याची कारणं दोन. एक, अँटीबॉडी महिन्यामहिन्याने ओसरत जातात. हंगाम संपेपर्यंत त्या बऱ्याच खाली आलेल्या असतात. दुसरं, विषाणू आपले काटे सतत थोडे थोडे बदलतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, लसीत कोणते विषाणू घ्यायचे ते सुचवते. लस तयार व्हायला सहाएक महिने लागतात. तेवढ्यात विषाणू पुन्हा वळण घेऊ शकतो, आणि अंड्यात वाढवताना लसीतला एच३एन२ स्वतःही थोडा बदलतो. काही वर्षी नेम चुकतो तो या दोन कारणांनी. कोणत्या वर्षी चुकणार हे लस घेण्याच्या वेळी ठाऊक नसतं, त्यामुळे 'यंदा जुळली तर घेईन' असं करता येत नाही. आणि एक प्रकार जुळला नाही तरी लसीत इतर प्रकार असतातच. एकाच हंगामात आधी एच३एन२ची आणि नंतर बी प्रकाराची लाट आलेली पुष्कळदा दिसते. संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. साथ दारात येण्याच्या थोडं आधी घेतली तर उत्तम. साथ चालू झाली असेल तरी घ्यावी.

भावाशी बोलताना कृपा करून त्याला घाबरवू नका. तो ४४ वर्षांचा निरोगी माणूस आहे, आणि त्याच्या वैयक्तिक फायद्याबद्दल खरं सांगायचं तर तो मर्यादित आहे. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या, निरोगी प्रौढांवरच्या चाचण्यांच्या २०१८च्या आढाव्यात लस न घेतलेल्यांपैकी २.३ टक्के लोकांना एका हंगामात फ्लू झाला, घेतलेल्यांपैकी ०.९ टक्के लोकांना. म्हणजे एकाचा फ्लू टाळायला ७१ जणांना लस द्यावी लागते. निरोगी तरुण माणूसही कधीकधी फ्लूने व्हेंटिलेटरवर जातो, पण ते क्वचित. त्याच्यापुढे खरा मुद्दा आईचा ठेवा. आईंच्या वयाला लस कमी चालते म्हणूनच त्यांच्याजवळ राहणाऱ्यांनी ती घेणं महत्त्वाचं ठरतं. फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसण्याच्या एक दिवस आधीपासून विषाणू पसरवू शकतो, म्हणजे 'मला ताप आला की मी लांब राहीन' हा बेत उशिराचा असतो. लस घेतल्याने तो कधीच आजार घरी आणणार नाही, अशी हमी नाही. आणण्याची शक्यता कमी होते. ज्या भावाने त्या दोन दिवसांत आईला ऑक्सिजनवर पाहिलं आहे, त्याला एवढं पुरेसं वाटावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आणि हे मात्र तिघांनीही लक्षात ठेवा. लस अर्धवट संरक्षण देते, म्हणून उरलेल्या अर्ध्याची तयारी घरात हवी. फ्लूवर ऑसेल्टामिवीर नावाचं औषध आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं. लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केलं तर त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. तुम्ही आणि आई दोघीही जोखमीच्या गटात आहात, त्यामुळे साथीच्या दिवसांत अचानक ताप, खोकला, अंगदुखी सुरू झाली तर 'दोन दिवस बघू' म्हणू नका. पहिल्याच दिवशी फोन करा आणि मधुमेह किंवा दमा आहे हे आधी सांगा. जास्त आजारी माणसाला ४८ तासांनंतरही डॉक्टर हे औषध देतात, पण वेळ गमावू नये. वृद्धांमध्ये आणखी एक अडचण असते. त्यांना ताप येईलच असं नाही. एरवी नीट बोलणारी आई असंबद्ध बोलू लागली, दिवसभर गुंगीत राहिली, जेवायला उठेना, उठताना तोल जाऊन पडली, दम्याचा पंप नेहमीपेक्षा जास्त लागू लागला, तर साथीच्या दिवसांत फ्लूची तपासणी करून घ्या. धाप लागली, ओठ निळसर दिसले, छातीत दुखलं किंवा बोटावरच्या यंत्राचा आकडा ९२ च्या खाली गेला तर थेट रुग्णालय गाठा. दम्यामुळे आईंचा या यंत्रावरचा नेहमीचा आकडा किती असतो ते मात्र त्या बऱ्या असतानाच लिहून ठेवा.

आई नको म्हणतात, तर त्यांच्यावर टक्क्यांचा मारा करू नका. मी माझ्या रुग्णांना अशा वेळी विचारते, की त्या दिवसांत सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली? बहुतेकजण श्वासाचं सांगतात. मग एवढंच सांगायचं, की ही लस खोकला थांबवेल असा शब्द मी देत नाही, पण तसा श्वास अडकण्याची वेळ येण्याची शक्यता ती कमी करते. बऱ्याच जणांचा राग लसीवर नसतो, 'आता काही होणार नाही' असं कोणीतरी सांगितलेलं असतं त्यावर असतो. यंदा तसं सांगू नका.

गेल्या वर्षी फ्लू होऊन गेला म्हणजे आता लसीची गरज नाही, असंही समजू नका. त्या आजाराने मिळालेलं संरक्षण त्या एका प्रकारापुरतं आणि काही काळापुरतं असतं. आईंच्या पुढच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांकडे न्यूमोकॉकल लसीचीही चौकशी करा. फ्लूच्या पाठोपाठ येणाऱ्या न्यूमोनियाच्या एका मोठ्या कारणाविरुद्ध ती असते, आणि दमा असलेल्या, ६५ ओलांडलेल्या माणसाला ती हवीच. आधी घेतली आहे का ते जुन्या कागदांत पाहा. घेतली नसेल तर फ्लूच्या लसीच्या दिवशीच दुसऱ्या दंडात देता येते, दोन वेगळ्या खेपा मारायची गरज नाही.